बसलेली सुईण

"...पण माझं ऱ्हायलं काय, तेवढं सांगा ना आक्का!"

मालन उंबऱ्यातच उभी राहून विचारत होती. आत येऊन बसावं, एवढंही तिला सुचत नव्हतं.

म्हातारी हौसाक्का बाळंतीण द्वारकाच्या अंथरुणाला खेटून बसली होती. उजवा हात गोधडीखाली, डावा स्वतःच्या गुडघ्यावर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. आवाज आला त्या बाजूला तिनं नुसतं तोंड वळवलं.

"आधी आत ये. दार लोट. गारठा शिरतोय."

मालन आत आली आणि तिच्या कपाळाला आठ्याच चढल्या.

द्वारका बाळंत होऊन तासभर तरी झाला असेल. आणि खोलीची ही दशा! बाळामागून पडलेली वार मडक्यात तशीच कोपऱ्यात. भिजलेल्या फडक्यांचा ढीग भिंतीला. शेगडीतला विस्तव राखेखाली गेलेला. बाळ जुन्या लुगड्यात गुंडाळून आजीच्या मांडीवर, त्याला अजून अंघोळ नाही की काही नाही. ते बेंबीच्या देठापासून ओरडत होतं. द्वारका तेवढी गोधडीखाली डोळे मिटून गप पडली होती.

आणि सुईणबाई बसलेल्या!

हे काही आजचं नव्हतं. आसपासच्या वाड्यांत हौसाक्काला 'बसलेली सुईण' म्हणूनच ओळखत. मूल झालं, वार पडली, की ही बाळंतिणीजवळ जी फतकल मारायची ती मारायचीच. मग चुलीवरचं पाणी उतू जावो, नाहीतर बाळ रडून घर डोक्यावर घेवो. "हिला पाण्याचा तांब्यासुदीक हातात द्यावा लागतो," असं बायका पदराआड हसत म्हणायच्या, आणि त्यात कौतुक अजिबात नसायचं.

तिच्या हाताखाली सात वर्षं शिकलेली मालन मात्र तिच्यासारखी निघाली नाही. मालनच्या पायाला भिंगरी होती. मूल जन्मल्यापासून दोन तासांत ती खोली सारवून, फडकी धुऊन, बाळाला न्हाऊ-माखू घालून, वार पुरून, शेगडी धगधगती करून, वर घरच्यांना चहासुद्धा टाकून द्यायची. लोक तोंडात बोटं घालायचे. गेल्या दोन वर्षांत निम्मी घरं गुरूला सोडून शिष्येला बोलवायला लागली होती.

मालनला त्याचं वाईट वाटलं होतं, असं म्हणता येणार नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं होतं.

आणि चार दिवसांपूर्वी वरच्या वाडीतली सगुणा तिच्या हातून गेली.

पहिलटकरीण होती. एकोणीस वर्षांची. मुलगा झाला, धडधाकट. आई दिवस मावळायच्या आत संपली.

सगुणाच्या माणसांनी मालनला एका शब्दानं दुखवलं नाही. उलट सासऱ्यानं तिला हात जोडले. "तुमी काय कमी केलं न्हाई, बाई. तिचं तेवढंच व्हतं." ते जोडलेले हात मालनच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. चार दिवस तिच्या घशाखाली नीट घास उतरला नव्हता. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं.

आज सकाळी खालच्या वाडीतून सांगावा आला होता. तिथल्या एका सुनेचे दिवस भरले होते. मालननं हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. आधी तिला हौसाक्काच्या तोंडून ऐकायचं होतं, की पोरी, तुझी काही चूक नाही. ते ऐकायला मिळालं तरच ती पुन्हा कुणा बाईला हात लावणार होती.

"बोला की आक्का. माझं काय ऱ्हायलं?"

"काय काय केलंस?"

"समदं केलं."

"समदं म्हंजी काय?"

मालन एकेक बोट मोडत सांगू लागली.

"नाळ कापली. पातं उकळून घेतलं व्हतं."

"हं."

"वार पडली. उलटसुलट करून बघितली. तुकडाबिकडा आत ऱ्हायला नव्हता."

"बरं केलंस."

"पोराला न्हाऊ घातलं. तेल लावलं, धुरी दिली. पाळण्यात टाकलं तर लगीच झोपलं."

"हं..."

"तिला कोरडं नेसवलं. गारठा किती व्हता त्या दिशी, म्हून तीन गोधड्या घातल्या अंगावर. वारं लागू दिलं न्हाई. मग खोली सारवली. मग वार घेऊन मागं गेले. जांभळीच्या बुडाला पुरली, वर धोंडा ठेवला. कुत्र्यांचा काय नेम?"

"खोल पुरलीस?"

"हातभर खोल."

हौसाक्कानं मान हलवली. मालनला जरा धीर आला. बोलता बोलता तिनं भिंतीला टेकवलेला झिजकी केरसुणी उचलली होती, आणि वाकून ती द्वारकाची खोली झाडायलाही लागली होती. हातांना सवयच तशी.

"ठेव ती केरसुणी."

"वाइच झाडते. किती घाण पडलीया..."

"ठेव म्हनलं ना."

मालननं केरसुणी ठेवली. हात रिकामे झाल्यावर त्यांचं काय करावं ते तिला कळेना. तिनं ते पदरात गुंडाळले.

"प्वाट बघितलंस?" हौसाक्कानं विचारलं.

"बघितलं की! ते कसं इसरंन? बेंबीखाली पिशवीचा गोळा हाताला लागला. घट्ट. नारळावानी."

"कवा?"

"वार पडल्या पडल्या."

"मग?"

"मग काय? घट्ट व्हतं म्हनते ना."

"त्याच्या म्होरं कितीदा बघितलंस?"

मालननं पदराचा पीळ आवळला.

बाळ रडतच होतं. द्वारकाची सासू त्याला हलवत, जोजवत, मधूनच या दोघींकडे रागानं बघत होती. तिच्या घरात आज पहिलं नातवंड आलेलं, आणि सुईणी गप्पा मारत बसलेल्या.

"झालेलं काम परत कशाला बघायचं, आक्का?" मालन शेवटी म्हणाली. आवाज तिचा तिलाच बारीक वाटला.

गोधडीखाली हौसाक्काचा हात किंचित हलला, थांबला.

"सगुणा काय म्हनाली?"

"कवा?"

"तू सारवत व्हतीस तवा."

हे मालननं कुणालाच सांगितलं नव्हतं. सगुणाच्या सासूला नाही, स्वतःच्या नवऱ्याला नाही. चार दिवस ती एक गोष्ट उराशी दाबून फिरत होती, आणि या आंधळ्या म्हातारीनं सरळ तिथंच बोट ठेवलं होतं.

"काय न्हाई म्हनाली."

हौसाक्कानं तोंड तिच्याकडं वळवलं.

"...म्हनाली, मालनबाई, वाइच माझ्यापाशी बसता का?"

"आन तू?"

"म्या म्हनलं, आले, एवढं उरकून आले."

मालन मटकन खाली बसली. तिला रडू फुटलं. तोंडावर पदर दाबून ती हुंदके देत राहिली, आणि हौसाक्कानं तिला रडू दिलं. पाठीवर हात फिरवला नाही, उगी म्हटलं नाही.

वार पुरून, हातपाय धुऊन मालन आत आली होती तेव्हा सगुणा अशीच डोळे मिटून पडली होती. दमून झोपली, असं वाटून मालननं आवाज न करता शेगडी भरली, फडकी धुवायला नेली. सगळं उरकल्यावर, आता बसू हिच्यापाशी, म्हणून ती आली. गोधड्या नीट कराव्यात म्हणून तिनं एक कोपरा वर केला. खाली अंथरलेलं पोतं रक्तानं आरपार भिजलेलं होतं. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. सगुणाचे पाय गार पडले होते.

"तुमी सांगायचं न्हाई का मला?" मालन एकदम उसळली. "सात वर्सं तुमच्या हाताखाली काडली. कापायचं कसं ते शिकवलं, न्हाऊ घालायचं शिकवलं. ह्ये का न्हाई सांगितलं?"

"सात वर्सं सांगत व्हते की."

"कवा सांगितलंत?"

"रोज बसत व्हते तुझ्याम्होरं... तू झाडत व्हतीस."

मालनला आठवलं, किती घरांत तिनं या बसलेल्या म्हातारीच्या भोवतीनं झाडलं होतं. "आक्का, वाइच सरका," म्हणाली होती. आणि आक्का कधी सरकली नव्हती म्हणून मनातल्या मनात तिला आळशी म्हणाली होती.

"इकडं ये. हात दे."

मालन पुढं सरकली. हौसाक्कानं चाचपडत तिचं मनगट धरलं आणि गोधडीखाली घेतलं. द्वारकाच्या पोटावर, बेंबीच्या जरा खाली, मालनचा तळवा ठेवला. वर स्वतःचा हात ठेवला.

हाताला गोळा लागला. घट्ट होता.

"हाय की घट्ट," मालन म्हणाली.

"हां."

दोघी तशाच बसून राहिल्या. काहीच घडत नव्हतं. मालनच्या नजरेसमोर फडक्यांचा ढीग होता, मडकं होतं, विझत चाललेली शेगडी होती. पाचएक मिनिटांची कामं. तिचे पाय शिवशिवायला लागले.

"अवं सुईणबाई," द्वारकाची सासू शेवटी बोललीच. "मालन आलीया आयती, तर पोराला न्हाऊ तरी घालू द्या. पाणी निवून चाललंय. का दोघींनी मिळून बसायचं ठरवलंय?"

मालन उठायला गेली. विचार करून नव्हे, कुणी काम सांगितलं की ती उठायचीच.

हौसाक्काच्या हातानं तिचा हात जागच्या जागी दाबून धरला. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं मालनला कधी वाटलं नव्हतं.

"त्येला लुगड्यासकट उराशी धरा, वयनी," ती सासूला म्हणाली. "रडतंय न्हवं? मंग चांगलं हाय त्ये."

आणि तेवढ्यात मालनच्या तळव्याखालचा गोळा गेला.

गेला म्हणजे हाताला लागेचना. आत्ता घट्ट होता तो मळलेल्या कणकेसारखा मऊ पडला आणि पसरला. मालननं दचकून द्वारकाच्या तोंडाकडे पाहिलं. द्वारका तशीच पडून होती. कण्हली नाही, कपाळाला आठी नाही. झोपेत श्वास चालला होता.

"आक्का..."

"दाब. गोल गोल चोळ. भिऊ नगंस, जोर लाव. गोळा सैल पडला की रगात सुटतं."

दोघींचे हात एकावर एक चोळत राहिले. मालनच्या कपाळावर त्या गारठ्यात घाम आला. एक, दोन, तीन... किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग हळूहळू तळव्याखाली पुन्हा काहीतरी आवळत आलं. गोळा झाला. घट्ट झाला.

हौसाक्कानं डाव्या हातानं गोधडी वर करून खालचं फडकं चाचपलं, बोटांनी ओल अजमावली, आणि गोधडी परत टाकली.

"ही चवथी बारी," ती म्हणाली.

चौथी वेळ! म्हणजे ती उंबऱ्यात उभी राहून 'माझं काय राहिलं' म्हणून ओरडत होती, ती खोलीकडे बघून नाक मुरडत होती, केरसुणी उचलत होती, तेव्हासुद्धा या गोधडीखाली हेच चाललं होतं. आणि बाहेरून बघणाऱ्याला एक म्हातारी नुसती बसलेली दिसत होती.

हौसाक्कानं आपला हात हळूच काढून घेतला. मालनचा तिथंच राहू दिला.

बाळ आजीच्या उबेला लागून शांत झालं. सासू काही न बोलता शेगडी फुंकायला लागली. बाहेर कुणीतरी मालनला हाक मारली, खालच्या वाडीचा माणूस तिचं उत्तर न्यायला आला होता. मालननं हाकेला ओ दिली नाही. ती तळव्याखाली लक्ष लावून बसली होती. डोळ्यांतलं पाणी गालांवरून खाली उतरत होतं, पण ते पुसायला तिनं हात उचलला नाही.

बऱ्याच वेळानं, मान वर न करता, तिनं विचारलं.

"आक्का... म्या जर अशी बसले असते, तर सगुणा वाचली असती का वं?"

हौसाक्का भिंतीला टेकली होती. तिचे पिकलेले डोळे उघडे होते, आणि कुठंच बघत नव्हते.

"कोन सांगनार, पोरी..." हौसाक्का म्हणाली. "तिथं हात कुनाचाच नव्हता."