पाच वाजताची खिडकी

सांगलीच्या हळदपेठेत एक भोळा मुलगा होता. नाव नेमिनाथ चौगुले, पण सगळी पेठ त्याला नेमू म्हणायची. सांगितलेलं काम तो सांगितल्यासारखंच करायचा. कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही.

एकदा त्याचे वडील, आण्णा, त्याला दुकानात बसवून म्हणाले, "गिऱ्हाईक आलं तर बसायला सांग. मी आलोच." आण्णांना यायला दुपार झाली. बघतात तर ओट्यावर अकरा गिऱ्हाइकं ओळीनं बसलेली. कुणी उठायला लागलं की नेमू खांद्याला धरून त्याला परत बसवत होता.

"अरे, माल का नाही दाखवलास?"

"ते कुठं सांगितलं होतं, आण्णा?"

हा गडी दुकानाच्या कामाचा नाही, हे आण्णांनी त्याच दिवशी ओळखलं. पण परीक्षेत नेमू कायम पहिला. पुस्तकात आहे तसं कागदावर उतरवायचं, त्यात त्याचा हात कोण धरणार? शिकत शिकत तो थेट प्रागला पोचला. चेक देशाची ती राजधानी. टेकडीवर जुना राजवाडा, खाली नदी, नदीवर दगडी पूल. निघताना आण्णांनी एकच गोष्ट सांगितली, "परका मुलूख आहे. जाणत्याचं ऐक, आणि सांगतील तसंच कर."

आण्णा तसे व्यवहारी माणूस. पण तेवढं एक वाक्य त्यांनी सांगायला नको होतं.

सहा महिने बरे गेले. मग वसतिगृह दुरुस्तीला निघालं. सोमवारपर्यंत राहायला खोली मिळाली तर ठीक, नाहीतर नेमूला शिक्षण सोडून सांगलीचा रस्ता. त्याच्या पुढच्या वर्गात मिरजेची एक मुलगी शिकत होती, शाल्मली. नेमू तिला ताई म्हणायचा. तिनं खटपट करून ब्लाझेनाबाई नावाच्या म्हातारीला राजी केलं. राजी म्हणजे काय, रविवारी पाच वाजता मुलगा बघायला.

"बाई फार कडक आहेत, नेमू. आतापर्यंत नऊ जणांना घालवलंय. एकानं खुर्ची ओढताना आवाज केला म्हणून, एक पावणेपाचलाच दार वाजवत बसला म्हणून. मी तुझ्यासाठी शब्द टाकलाय. रविवारी सकाळपासून माझ्याबरोबर शहर बघ. इथली रीतभात शीक, आणि मग जा."

"व्हय ताई. सांगशील तसंच करतो."

रविवारी आधी मोठं चर्च. दाराशी आल्याबरोबर नेमूनं बूट काढले, मोजे काढले, पायरीवर नीट जोडीनं ठेवले आणि अनवाणी आत गेला. थंडी अशी की फरशीला पाय चिकटावेत. डोक्यावर मात्र लोकरीची टोपी तशीच. आतला सेवेकरी त्याच्या पायांकडे बघतच राहिला.

ताईनं कपाळावर हात मारला. "अरे, इथं पायातलं नाही काढायचं! डोक्यावरचं काढायचं. त्यात मान असतो."

"चुकलं, ताई. पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढची वेळ लगेच आली. राजवाड्याच्या फाटकाशी एक पहारेकरी उभा होता. ताठ, पापणीसुद्धा न लववता. नेमूनं आपली टोपी काढून खिशात घातली. मग बघतो तर पहारेकऱ्याच्या डोक्यावर टोपी. याला बिचाऱ्याला कुणी सांगितलं नसावं, असं त्याला वाटलं. तो पुढं झाला, त्यानं दोन्ही हातांनी हळूच टोपी उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि काखेत धरून अदबीनं उभा राहिला.

पहारेकरी हलला नाही. त्याला हलायची परवानगी नव्हती. नुसते कान लाल झाले.

मग आतून त्याचा साहेब पळत आला. त्याला हलायची परवानगी होती. ताईनं दहा वेळा माफी मागितली तेव्हा सुटका झाली.

"अरे शहाण्या, टोपी आपली काढायची! आणि असं कुणी निश्चल उभं असेल ना, त्याला हात लावायचा नाही. बोलायचं नाही. शेजारी उभं राहून फोटो काढायचा आणि पुढं चालू लागायचं."

"चुकलं, ताई. पुढच्या वेळी तसंच करतो."

तिथून दोघं दगडी पुलावर आली. पुलावर दोन्ही बाजूंना संतांचे पुतळे. एका पुतळ्याखाली पितळी पट्टी, आणि तिला हात लावायला लोकांची ही रांग! अर्धा तास थांबल्यावर नेमूचा नंबर आला. त्यानं वर पाहिलं. संत निश्चल उभे होते. नेमू हात मागं बांधून शेजारी उभा राहिला, फोटो काढला आणि पुढं चालू लागला.

"अरे, हात कुठं लावलास?"

"निश्चल होते, ताई."

"देवा रे! इथं हात लावायचा असतो! ती पट्टी बघ, कशी चकचकीत झालीय. जे असं चकचकीत दिसेल ना, त्यावर हात फिरवायचा, डोळे मिटायचे आणि मनातली इच्छा मागायची."

"चुकलं, ताई. पुढच्या वेळी तसंच करतो."

चारला पाच मिनिटं कमी असताना ती चौकातल्या जुन्या घड्याळाखाली पोचली. तासाला वरच्या खिडक्या उघडतात, त्यातून बाहुल्या फिरून जातात, म्हणून खाली माणसांची दाटी. नेमूच्या बरोबर पुढं एक उंचेपुरे गृहस्थ उभे होते. डोक्यावर एक केस नाही. ऊन पडलेलं. डोकं पुलावरच्या पट्टीहून दुप्पट चकाकत होतं.

नेमूनं टाचा उंचावल्या, हात फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "खोली मिळू दे."

गृहस्थ मागं वळून जे बोलले ते नेमूला कळलं नाही. सूर मात्र हळदीच्या सौद्यात भाव मोडल्यावर लागतो तोच होता. तेवढ्यात ठण्ण करून चारचा टोला पडला, सगळ्यांच्या माना वर गेल्या आणि नेमू वाचला. ताईनं त्याचा दंड धरला आणि दातांवर दात दाबून म्हणाली, "माणसांना हात लावू नकोस! मुकाट्यानं वर बघ. खिडकी उघडली की वर बघायचं, टाळ्या वाजवायच्या. खिडकी बंद झाली की गुपचूप घरी जायचं. झालं!"

"कळलं, ताई."

आणि यावेळी खरंच त्यानं सगळं बिनचूक केलं. ताईचा जीव भांड्यात पडला. तिला ग्रंथालयात काम होतं. तिनं त्याला बाईंच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं. "हे बघ, तिथं डोकं चालवू नकोस. शेवटी जे शिकवलं ना, तेवढं पाळ."

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर. पाचला दहा कमी असताना नेमू खाली येऊन उभा राहिला. टोपी काढलेली, हात मागं, कुणाला स्पर्श नाही, कुणाशी बोलणं नाही. ब्लाझेनाबाई पडद्याआडून दहा मिनिटं त्याला निरखत होत्या. असा मुलगा त्यांनी आजवर पाहिला नव्हता. खोली यालाच द्यायची, हे त्यांनी वरच्या वर ठरवून टाकलं.

त्या घराला घंटा नव्हती. पाहुणा आला की बाई एका मोज्यात किल्ली घालून खाली टाकत. पाहुण्यानं दार उघडून वर यायचं. हे ताई सांगायची विसरली होती.

पाचचा टोला पडला. खिडकी उघडली. ब्लाझेनाबाई बाहेर वाकल्या, हसल्या आणि हात हलवून काहीतरी म्हणाल्या.

नेमूनं वर बघून टाळ्या वाजवल्या.

बाई जरा दचकल्या. एवढ्या वर्षांत किल्ली टाकल्याबद्दल टाळ्या कुणी दिल्या नव्हत्या. त्यांना बरं वाटलं. त्यांनी मोजा टाकला. नेमूनं तो झेलला आणि आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. बाई मान लववून चहाचं बघायला आत गेल्या.

खिडकी बंद झाली. नेमू गुपचूप घरी गेला.

ग्रंथालयातून परतलेली ताई वसतिगृहाच्या पायरीवर वाट बघत होती. तिचा जीव टांगणीला लागलेला. "काय रे, इतक्या लवकर? काय म्हणाल्या बाई?"

"लई झकास, ताई! चौकातल्या घड्याळापेक्षा हे भारी. बाहुली एकच आहे, पण मोठी आहे आणि हसते. शिवाय बघणाऱ्याला बक्षीस देते." त्यानं खिशातून मोजा काढला.

ताईनं मोजा उपडा केला. हातावर दोन किल्ल्या पडल्या. एक खालच्या दाराची. दुसरीला चिठ्ठी बांधलेली, त्यावर लिहिलं होतं, 'नेमिनाथची खोली'.

ताई मटकन पायरीवर बसली.

नेमूनं किल्ल्या तिच्याच हातात राहू दिल्या, मोजा तेवढा परत घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि टोपी घातली.

"आता कुठं निघालास?"

"तिकडंच, ताई. पाचच्या खेळाला एकच मोजा पडला. जोडीचा दुसरा सहाच्या खेळाला पडेल."