पहिली ओंजळ

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती जिथे घडली त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही.

त्या राज्याचा राजा वारला आणि त्याच्या दोन मुलांत गादीवरून जुंपली. नदीच्या उत्तरेचा मुलूख थोरल्याच्या मागे उभा राहिला, दक्षिणेचा धाकट्याच्या. कालपर्यंत या काठच्या मुली त्या काठी नांदत होत्या, दोन्हीकडची माणसं एकाच बाजारात बैल विकत होती. आता तीच माणसं एकमेकांवर भाले रोखून उभी राहिली.

दक्षिणेकडच्या एका गावात साळू नावाची विधवा राहत होती. गाव उघड्या माळावरचं. आसपास ना ओढा, ना तळं. पाणी होतं ते गावच्या एकाच विहिरीला. साळूला निंबा हा एकुलता एक मुलगा. धाकट्या राजपुत्राच्या शिपायांनी घरटी एक तरुण मागितला, तेव्हा निंबाला जावं लागलं.

पुढे नदीकाठी मोठी लढाई झाली आणि दक्षिणेची फौज उधळली. पळत आलेल्या शिपायांनी सांगितलं, तुमच्या गावची तुकडी अगदी पुढे होती, तिच्यातलं कुणी उरलं नाही. त्या दिवसापासून साळूची चूल पेटली नाही. शेजारणी भाकरी आणून ठेवत. ती भाकरी तशीच वाळून जाई.

मग खबर आली की उत्तरेची फौज नदी उतरून गावाच्या रोखाने निघाली आहे. खबरीपाठोपाठ धाकट्या राजपुत्राचा हुकूम आला. गाव सोडून डोंगरावर जा आणि निघण्यापूर्वी विहिरीत विष कालवा. स्वार बचनागाची पूड बांधलेलं गाठोडं पाटलाच्या हाती देऊन निघून गेला.

पाटलाचा मुलगाही त्याच तुकडीत होता. तरीही आपल्याच विहिरीत विष टाकायला पाटलाचा हात धजेना. गावातलं दुसरं कुणी पुढे येईना. तेव्हा साळू उठली.

"द्या इकडे," ती म्हणाली. "मी टाकते."

गुरंढोरं, पोरंबाळं घेऊन गाव डोंगराकडे निघालं. मागे राहिली साळू आणि विहिरीशेजारच्या घरातली ठकूबाई. ठकूबाईचे गुडघे केव्हाच गेले होते. लोकांनी तिला पाठीवर न्यायची तयारी दाखवली, पण तिने ऐकलं नाही. डोंगरावर दगड उशाला घेऊन मरण्यापेक्षा आपला ओटा बरा, म्हणाली.

साळूने आधी म्हातारीसाठी घरातली भांडी भरून ठेवली. ठकूबाईने विचारलं, आज एवढं पाणी कशाला, आणि त्या गाठोड्यात काय आहे. साळूने काही लपवलं नाही.

"ज्याने माझ्या निंबाला मारलं तो येतोय, काकू. त्याला मी पाणी पाजायचं का?"

 म्हातारी म्हणाली, "माझा एक नातू तुझ्या निंबाबरोबर गेला. दुसरा नदीपलीकडे मामाच्या गावी होता, म्हणून तो त्यांच्यात गेला. उद्या एखादा तहानेला आला, तर तो कुठला कोण हे विहिरीला कळेल का गं?"

 साळू जाऊन विहिरीच्या काठावर बसली. गाठोड्याची गाठ तिने सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. निंबाला मारणाऱ्याचा चेहरा ती मनात आणू पाहत होती. पण काही केल्या तो चेहरा राक्षसाचा होईना. मिसरूड फुटलेलं कुणीतरी पोर दिसे, ओठ सुकलेलं, रहाटाकडे धावत येणारं. शेवटी तिने कुदळ घेतली, बांधापलीकडे खोल खड्डा खणला आणि ते गाठोडं पुरून टाकलं.

तिला बरं वाटलं असं मात्र नाही. आपण आपल्या मेलेल्या लेकाशी बेइमानी केली, असंच तिला वाटत राहिलं. डोंगराकडे जायचं बळही अंगात उरलं नव्हतं. ती ठकूबाईच्या ओट्यावर येऊन टेकली.

ऊन कलायच्या आत माळावर धूळ उठली आणि उत्तरेची फौज गावात शिरली. माणसं तहानेनं कासावीस झाली होती, घोड्यांच्या तोंडाला फेस आला होता. तरी सरदाराने कुणाला विहिरीजवळ जाऊ दिलं नाही. त्याने साळूला पुढे बोलावलं आणि पाण्यात काय कालवलंय ते विचारलं. काही नाही, ती म्हणाली. सरदाराचा विश्वास बसला नाही. मागच्या गावातल्या बाईनेही हेच सांगितलं होतं, आणि त्याची कितीतरी माणसं त्या विहिरीपाशीच तडफडून मेली होती.

"कैद्यांना पुढे आणा," तो म्हणाला. "आधी यांची माणसं पितील."

दोरखंडाने बांधलेल्या कैद्यांची रांग पुढे आली. केस वाढलेले, तोंडं धुळीने माखलेली, माणूस माणसासारखा दिसत नव्हता. साळूने पोहरा ओढला. पहिल्या कैद्याने बांधलेल्या हातांची ओंजळ तोंडाशी धरली. तिने पोहरा कलता केला, तसं पाणी भसकन सांडलं.

"हळू ओत, आई," तो कैदी म्हणाला.

पोहरा तिच्या हातून सुटला. तिने त्याच्या तोंडावरची धूळ पदराने पुसली. तो निंबा होता. त्याच्या मागे पाटलाचा मुलगा होता, त्याच्या मागे ठकूबाईचा नातू आणि गावची आणखी पोरं. ती मेली नव्हती, पकडली गेली होती.

साळू निंबाचे बांधलेले हात धरून खाली बसली. तिला आनंद व्हायच्या आधी भीतीच वाटली. सकाळी आपण त्या गाठोड्याची गाठ सोडली होती, हेच तिच्या डोळ्यांपुढे आलं. निंबा तिच्यापुढे गुडघे टेकून बसला आणि पाणी अजून पाहिजे म्हणाला. तेव्हा कुठे ती रडली, आणि रडता रडता तिने दुसरा पोहरा काढला.

सरदार कैद्यांकडे बराच वेळ बघत राहिला. कुणाला काही झालं नाही, तेव्हा फौज पाणी प्याली, घोडे प्याले, शेवटी तो स्वतः प्याला. आतापर्यंत विष कालवलेलं प्रत्येक गाव त्याने जाळलं होतं. हे गाव जाळायला कारण नव्हतं. निघताना त्याने या गावच्या पोरांचे दोर सोडायला सांगितले. पुन्हा शस्त्र धरणार नाही, एवढं वचन घेतलं आणि तो पुढे गेला.

लोक डोंगरावरून उतरले तेव्हा घरं जागच्या जागी होती आणि विहिरीवर त्यांची पोरं अंघोळ करत होती. पाटील आपल्या मुलाला बिलगला. मग त्याने साळूला एकच विचारलं, ते गाठोडं कुठे आहे. जिथे कुणी पेरणार नाही, खणणार नाही अशा जागी पुरलंय, ती म्हणाली.  पाटलाने भर गावासमोर तिच्या पायाला हात लावला.

पुढे दोघा भावांनी समेट केला आणि नदीवर पुन्हा नावा चालू लागल्या. ठकूबाईचा दुसरा नातूही मामाच्या गावाहून आजीला भेटायला आला. साळूच्या घरी त्या दिवशी सगळ्यांसाठी चूल पेटली, आणि तिने पोटभर जेवून घेतलं.

बोध इतकाच: शत्रूसाठी कालवलेलं विष आधी कोणाच्या ओठाला लागेल, हे कालवणाऱ्याच्या हातात नसतं.