साळुंकीची पिसे

त्या प्रदेशात पक्षी पिसांवर व्यवहार करत. दर पौर्णिमेपर्यंत प्रत्येकाच्या अंगावर थोडी नवी पिसे फुटत, आणि ज्याला जे हवे असेल ते तो पिसे उपटून देऊन घेई. ज्याच्याजवळ पिसे कमी पडत त्याने धनेश पक्ष्याकडे जावे असा रिवाज होता. धनेशाची ढोली नदीकाठच्या सर्वांत जुन्या झाडात होती. ती पिसांनी गच्च भरलेली होती आणि तिच्या तोंडाशी तो दिवसभर बसून असे.

धनेश कोणाला नाही म्हणत नसे. पीस देताना तो एवढेच सांगे, "माझ्या ढोलीची ऊब गेली ना, तेवढी दर पौर्णिमेला भरून द्या. पीस काय, सवडीने परत करा." ही ऊब म्हणजे एकदोन कोवळी पिसे. ती दिल्याने मूळचे देणे कमी होत नसे. एखाद्या पौर्णिमेला ऊब चुकली, तर ती देण्यात मिळवली जाई.

बाभळीवर राहणारी केशर साळुंकी आणि तिचा जोडीदार भानू हे दोघेही धनेशाचे देणेकरी होते. गारपिटीच्या साली घरटे उडाले तेव्हा त्यांनी तीन पिसे घेतली. पुढे त्यांची मुलगी चैती हिची पंखफुटी आली. पिल्लू पहिल्यांदा उडते त्या दिवशी आईने मोरपीस लावून मिरवायचे अशी तिथली रीत होती, आणि मोरपिसाला चार पिसे पडत. केशरने ते डिंकाने शेपटीला चिकटवले. दिवसभर सगळ्यांनी तिचे कौतुक केले. दुसऱ्या दिवशी ते अडगळीत गेले.

उन्हाळ्यात त्या प्रदेशातले पाणी आटे आणि पक्ष्यांचे थवे डोंगर ओलांडून पलीकडच्या तळ्यावर जात. आदल्या वर्षी भानू वाटेत दोनदा खाली आला होता. यंदा सहा पौर्णिमा हाती असतानाच केशरने टेकडीवरून उडून पाहिले. तिसऱ्या झुडपापाशीच ती खाली पडली.

ती तिथेच बसून राहिली. लाज वाटायला हवी होती, पण तिला वेगळेच काही वाटत होते. आपल्याला दर पौर्णिमेला पिसे फुटतात. भानूलाही फुटतात. मग ती जातात कुठे? हा प्रश्न तिला यापूर्वी कधी पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती धनेशाकडे गेली.

"या केशरताई," धनेश म्हणाला. "किती देऊ?"

"द्यायला नको. आमच्याकडे तुमची किती निघतात ते सांगा."

धनेशाने मान तिरपी केली. हे त्याला आजवर कोणी विचारले नसावे. "आपल्यात कसला हिशेब? तुम्ही काय पळून जाताय?"

"पळून जायला पंख कुठे आहेत? मला फक्त आकडा सांगा."

त्याने ढोलीत डोके घातले आणि बराच वेळ काढला. मग म्हणाला, "अकरा."

"आम्ही तर सात घेतली होती."

"दोन पौर्णिमांची ऊब चुकली होती. दोन-दोन अशी चार. धरा."

घरी परतताना केशरला एक विचित्र हलकेपणा जाणवत होता. अकरा हा आकडा मोठा होता, पण त्याला शेवट होता. इतके दिवस तिच्या मनात जे होते त्याला शेवट नव्हता.

त्या पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत तिने एकच काम केले. आपल्या आणि भानूच्या अंगावरचे प्रत्येक नवे पीस तिने मोजले आणि ते कुठे जाते याच्या मागावर राहिली. त्यांच्या पिसांचा रंग विटकरी होता आणि देठ किंचित वाकडा, त्यामुळे ओळखायला अडचण नव्हती. एकूण आठ पिसे फुटली. दोन धनेशाच्या ढोलीत गेली. एक घरट्याला लागले, ते रास्तच होते. दोन शेजाऱ्यांच्या घरट्यांत सापडली. कोणाच्या पंखफुटीला, कोणाच्या बारशाला ती आहेर म्हणून गेली होती. सगुणा बुलबुलीच्या घरट्यात तर मागच्या खेपांचीही सहा-सात होती, एकावर एक रचलेली, अजून कोणी वापरलीही नव्हती. एक पीस उंबराखाली तांबट पक्ष्याकडे मिळाले. तांबट सोललेली उंबरे आयती देत असे, आणि थकून आल्यावर केशर त्याच्याकडे वळत असे. दर वेळी तो पिसाचा थोडासा तुकडा घेई, म्हणून ते कधी मोजण्यासारखे वाटले नव्हते.

ही सहा झाली. उरलेल्या दोन पिसांचा पत्ता लागेना.

ती दोन्ही भानूची होती. तिने चार दिवस वाट पाहिली, मग एका सकाळी त्याच्या मागोमाग गेली. भानू नदीच्या वळणावर उतरला. तिथे उथळ पाण्यात एक बगळा उभा होता. भानूने मान वाकवली, पंखाखालचे एक कोवळे पीस उपटून त्याच्यापुढे ठेवले आणि मग दुसरे. बगळ्याने त्याच्याकडे पाहिलेही नाही.

 तो बाभळीवर परत आल्यावर केशरने विचारले, "त्याची किती आहेत?"

भानू फांदीच्या टोकाकडे सरकला. मग तो म्हणाला, "सहा."

"कधी घेतलीत?"

"चैतीच्या पंखफुटीनंतर. आहेर करायचे होते, आपल्याकडे काही उरलं नव्हतं. धनेशाकडे पुन्हा जायची मला लाज वाटली."

"मला का सांगितलं नाहीत?"

"तू मोरपीस लावून किती आनंदात होतीस," भानू म्हणाला. "मला वाटलं, दोनतीन पौर्णिमांत फेडून टाकू. तुला कळायच्या आत."

केशरला राग आला होता, पण बोलायला तोंड उघडले तेव्हा तिचे लक्ष त्याच्या पंखाखाली गेले. तिथली कातडी उघडी पडली होती आणि वाऱ्याने शहारत होती. इतके दिवस भानू तो पंख तिच्यापासून पलीकडे धरून बसत असे, हे तिच्या आत्ता ध्यानात आले.

"अकरा आणि सहा, सतरा," ती म्हणाली. "अजून कुठली आहेत का? असतील तर आत्ताच सांगा."

"नाहीत."

"मग खाली चला."

बाभळीखालच्या ओल्या मातीत त्यांनी सतरा काटे रोवले, अकरा एका बाजूला आणि सहा दुसऱ्या बाजूला. समोर आठ खडे मांडले. मग खडे उचलून इकडून तिकडे ठेवत ते दुपारपर्यंत बसले. चैती वरून पाहत होती. आईबाप काही नवा खेळ खेळत आहेत असे तिला वाटले. केशरलाही थोडेसे तसेच वाटू लागले होते. एक खडा हलवला की सगळे चित्र बदलत होते, आणि कोणता हलवल्याने काय होते हे पाहत राहावेसे वाटत होते.

धनेश अकरा पिसांवर दोन पिसे ऊब घेत होता. बगळा सहांवरच दोन घेत होता. म्हणजे आधी बगळ्याचे देणे सुटायला हवे होते. दोघांच्या उबेचे चार खडे बाजूला गेले, एक घरट्याला. आहेराचे दोन आणि उंबराचा एक, हे तीन खडे उरले.

"दोन बगळ्याला," भानू म्हणाला. "आणि तिसराही त्यालाच देऊ. लवकर सुटेल."

"तिसरा नको," केशर म्हणाली. "तो आपल्या खोडाच्या कपारीत ठेवू. गारपीट झाली तेव्हा कपारीत एक जरी असतं तर तीनच्या जागी दोन घेतली असती."

बोलणे सोपे होते. पुढच्याच आठवड्यात सगुणा बुलबुलीच्या मुलाची पंखफुटी आली. केशर पीस न घेता गेली. तिने मुलासाठी गवताच्या कोवळ्या तुऱ्यांची एक गादी विणून नेली होती. सगुणेने ती घेतली, पण तिची नजर केशरच्या चोचीत आणखी काही आहे का हे शोधत राहिली. एक होला दुसऱ्याला म्हणाला, "बाभळीवाल्यांचं काही खरं दिसत नाही." केशरने ते ऐकले. ती शेवटपर्यंत बसली आणि मुलगा पहिल्यांदा उडाला तेव्हा सगळ्यांइतक्याच मोठ्याने ओरडली. 

उंबरे ती आता स्वतः सोलू लागली. सुरुवातीला तिची चोच दुखे.

पहिल्या पौर्णिमेला बगळ्याचे दोन काटे उपटले गेले, दुसऱ्या पौर्णिमेला आणखी दोन. तिसऱ्या पौर्णिमेला भानू शेवटची दोन पिसे घेऊन वळणावर गेला, तेव्हा बगळ्याने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "आणखी हवीत का?" भानू तसाच वळून परत आला. त्या दिवशी तो फांदीवर तो उघडा पडलेला पंख केशरच्या बाजूला करून बसला.

आता चार खडे धनेशाकडे वळले. अकराची सात झाली. त्याच सुमारास भानूच्या पायात काटा मोडला आणि पाय सुजला. सुतारपक्ष्याने काटा काढून दिला आणि तीन पिसे घेतली. कपारीत तेव्हा चार होती. भानू पुन्हापुन्हा त्या कपारीकडे पाहत होता. कोणाकडे न जाता एक संकट निघून गेले, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घडले होते.

पाचव्या पौर्णिमेला धनेशाची तीन उरली. त्याच आठवड्यात नदीच्या डोहाचे पाणी हिरवे पडले आणि थवे डोंगराकडे निघाले.

केशर आणि भानू टेकडीवर गेले. केशर पाचव्या झुडपापर्यंत पोचली, भानू चौथ्या. डोंगर अजून तसाच दूर होता. जी काही पिसे फुटली ती बहुतेक देण्यात गेली होती आणि पंख जवळजवळ होते तसेच तोकडे राहिले होते.

तिथेच धनेश आला. तो सहसा ढोली सोडत नसे. "केशरताई," तो म्हणाला, "इतकं चांगलं फेडलंत. आता तीनसाठी जीव कशाला धोक्यात घालता? पंखांसाठी आणखी सहा न्या, डिंक माझाच. पलीकडे जा, पाणी प्या, पोरीला सांभाळा. आल्यावर पाहू."

भानूने केशरकडे पाहिले.  सहा घ्यावीत असे तिला वाटत होते, आणि वाटते आहे हे ती स्वतःपासून लपवत नव्हती.

"तीन आणि सहा, नऊ," ती शेवटी म्हणाली. "पलीकडे तीन पौर्णिमा काढायच्या. परत येईपर्यंत नऊची किती होतील?"

"ते आत्ता कुठे..."

"आत्ताच सांगा, धनेशराव."

त्याने सांगितले. पंधरा.

"मग नको," केशर म्हणाली.

चैतीच्या पंखांवर कोणाचे देणे नव्हते. ती सगुणेच्या थव्याबरोबर जाणार असे ठरले. सगुणेला विचारायला केशर स्वतः गेली, आणि सगुणा क्षणभरही न थांबता म्हणाली, "माझ्या दोघांत तिसरी. तू काळजी करू नकोस." निघताना चैती रडली. "तुम्ही काय पिणार?" तिने विचारले.

"खडकाखाली पाझर आहे," भानू म्हणाला. "दोघांना पुरेल."

तो जेमतेम पुरला. रोज पहाटे भानू चोचीने वाळू उकरी, दुपारपर्यंत खळग्यात चार घोट पाणी साठे आणि ते दोघे दोन-दोन घोट पीत. एकदा तीन दिवस पाणी आलेच नाही. भानूची नजर नदीकाठच्या जुन्या झाडाकडे गेली आणि केशरने ती पाहिली. चौथ्या दिवशी त्यांनी खडकाच्या दुसऱ्या अंगाला उकरले आणि तिथे वाळू ओली लागली.

पुढच्या पौर्णिमेला केशरने धनेशापुढे शेवटची तीन पिसे ठेवली आणि वर त्या महिन्याची ऊब. धनेशाने ती मोजून आत घेतली. "कधीही लागलं तर या," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. उलट तो थोडा एकटा पडल्यासारखा वाटला. बाभळीखालचा शेवटचा काटा भानूने उपटला आणि तो कुठे टाकावा हे न सुचून चोचीत धरून बराच वेळ उभा राहिला.

आभाळ भरून आले तसे थवे परतू लागले. चैती सगुणेच्या थव्याच्या पुढे निघून एकटीच बाभळीकडे येत होती. त्या प्रदेशात सगळे असे समजत की साळुंकीच्या पंखांतला पांढरा पट्टा लहानपणाचा असतो आणि मोठे झाल्यावर तो जातो, कारण कोणीही मोठी साळुंकी पट्टा असलेली पाहिली नव्हती. बाभळीवरून दोन साळुंक्या उडाल्या आणि सरळ तिच्या दिशेने आल्या. पंख उघडत तेव्हा दोघांच्याही पंखांत रुंद पांढरे पट्टे उमटत आणि मिटत. आपल्याच वयाची कोणी नवी पिल्ले इथे राहायला आली असावीत असे चैतीला वाटले. त्यांना आईबापांचा पत्ता विचारावा म्हणून ती हवेत थोडी थबकली, तेवढ्यात त्यांतल्या एकीने तिला नावाने हाक मारली.