ओढ्यापलीकडचा डाव

जनावरं दुपारी पत्ते कुटत बसायची, त्या काळी रानात दोन अड्डे होते. जांभळीखाली साळिंदरआजोबांच्या अड्ड्यावर एका वेळी एकच चारोळी लावता यायची. ओढ्यापलीकडे कोल्ह्याकडे मात्र कितीही लावा, कुणी अडवत नसे.

रेवा खार पत्त्यांत हुशार होती. जांभळीखाली ती रोज थोडंथोडं जिंकायची, तरी कुरकुरायची, "अशानं आपली ढोली कधी भरायची?"

"भरतेय की हळूहळू," तिच्यासोबत राहणारी बहीण सुगी म्हणायची. "तिकडे नको जाऊस गं."

रेवा गेलीच. पहिल्याच दिवशी तिने ढीगभर चारोळ्या आणल्या. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात तीन राजे आले. तिने सगळा साठा लावला.

"ढोलीही लावतेस?" कोल्ह्याने विचारलं.

तीन राजे असताना कोण हरतं, असं वाटून तिने मान डोलावली. कोल्ह्याने तीन एक्के मांडले.

घरी येऊन तिने रडतरडत सगळं सांगितलं. सुगी आपली झोपलेली पिलं एकेक करून ढोलीबाहेर आणू लागली.

"ओरड तरी माझ्यावर!" रेवा म्हणाली.

"ओरडेन गं," सुगी म्हणाली. "आधी सांग, यांना आज कुठे निजवू?"