सारजाच्या वाफ्यातला चुका

श्रावणात हरकोबा महाराज आंबेगव्हाणच्या देवळात उतरले होते. रोज एका घरची भाजीभाकरी घ्यायची, हा त्यांचा नेम. चातुर्मासात चिंच, आमसूल, ताक त्यांना वर्ज्य असे. आंबट म्हणून चुक्याची पाने तेवढी चालत. त्या बुधवारी पाळी सखाहरी माळ्याची होती, आणि त्याच सकाळी त्याला कळले, की परसातला चुका गेला.

सांगितले नारोपंतांनी. पंत देवळाची व्यवस्था पाहत आणि महाराजांच्या जेवणाची आधी खात्री करून घेत. ते परसात आले, मोरीच्या पाण्यावर वाढलेले अळू त्यांनी पाहिले आणि शेजारच्या उकरलेल्या मातीत उभे राहून विचारले,

"इथला चुका कुठाय रे?"

"कंचा चुका, पंत?"

"अरे, तुझी बायको लावायची तो! गावात दुसऱ्या कुणाकडं आहे?"

सखाहरीने शेळीकडे बोट दाखवले. महाराज येणार म्हणून त्याने कालच परस साफ केले होते. अळूशेजारचा हिरवा पाला गवत समजून उपटला होता आणि शेळीपुढे टाकला होता. बावीस वर्षे त्याने तो चुका खाल्ला होता, पण ताटात. मातीत उभा असलेला कधी निरखून पाहिलाच नव्हता.

पंत हसू लागले. "वा रे माळी! लोक शेत राखतात, ह्यानं शेळी राखली! आता आंबटावाचून अळू शिजवशील, तर महाराजांचा घसा खाजेल. संध्याकाळचं कीर्तन काय तुझी शेळी करणार? राहू दे. आज महाराज माझ्याकडं जेवतील."

"न्हाई पंत," सखाहरी म्हणाला. "सारजा बोलून बसलीया."

गेल्या वर्षी महाराज निघाले, तेव्हा त्याची बायको सारजा वाटेत आडवी झाली होती. "पुढल्या श्रावणातबी अळूची भाजी आमच्याच घरची," असा तिने शब्द दिला होता. वैशाखात ती तापाने गेली. तिने कुणाला दिलेला आणि अजून पुरा न झालेला एवढा एकच शब्द मागे उरला होता. तो आज मोडणार होता.

इतक्यात महाराजच दारात आले. सखाहरीने पाय धरले आणि शेळीसकट सगळे सांगून टाकले. महाराज रागावले नाहीत. त्यांना भलतेच कुतूहल वाटले.

"तुझी सारजा डाळ कधी भिजत घालायची रे?"

"ठावं न्हाई, महाराज."

"देठ सोलून घ्यायची, का तसेच?"

"न्हाई बघितलं."

"बरं, भाजी धुतलेलं पाणी कुठं टाकायची?"

हे मात्र सखाहरीला ठाऊक होते. ते पाणी त्याच्या पायांवर उडायचे आणि तो रोज करवादायचा. त्याने उकरलेल्या मातीकडे बोट दाखवले.

"मग पानं काप, धू, आणि पाणी तिथंच टाक. चूल पेटव. आंबट लागेल तेव्हा बघू."

"गेलेल्या बाईच्या शब्दासाठी हा खटाटोप!" म्हणत पंत तोंडाला उपरणे लावून हसले. पण काय होते ते पाहायला थांबले.

सखाहरीने अळू धुतले. पाणी त्या मातीवर ओतले. महाराज सांगतील तसे देठ सोलले, दाणे-डाळ घालून पातेले चुलीवर ठेवले. महाराज उंबऱ्यावर बसून नाम घेत होते. मध्येच थांबून "आता वास कसा येतोय?" म्हणून विचारत होते. अळू मऊ झाले. सखाहरी पळी हातात धरून महाराजांकडे पाहू लागला.

"जा, आण आता," महाराज म्हणाले.

तो परसात गेला आणि तिथेच खाली बसला. सकाळच्या उघड्या मातीत चुका उभा होता! रुंद, कोवळी पाने, तांबूस देठ, वीतभर उंच. एका पातेल्याला पुरेल एवढाच.

"कुणी आणून खोचला असेल," म्हणत पंत पुढे झाले. त्यांनी एक रोप धरून ओढले. ते निघेना. दोन्ही हातांनी ओढले, तेव्हा लांबलचक मूळ मातीचा गड्डा घेऊनच वर आले. ज्या जागी सकाळी ते स्वतः उभे राहून हसले होते, तीच ही जागा!

पाने पातेल्यात पडली, भाजी घोटली गेली. महाराजांनी दोनदा मागून घेतली. घसा खाजला नाही. संध्याकाळी कीर्तनात आवाज असा लागला, की वेशीबाहेरची माणसे आत आली.

पंतांनी जेवणाआधीच, भर परसात, चिखलात डोके टेकवले होते. "महाराज, मी त्या बाईच्या शब्दाला हसलो. माझं चुकलं."

"उठा पंत," महाराज म्हणाले. "सखाहरी, ह्यांनाही वाढ."

पंत माळ्याच्या घरी पंक्तीला बसले. पहिल्याच घासाला म्हणाले, "सखाहरी, भाजी फार चांगली झाली रे."

सखाहरी वाढता वाढता थांबला. चुका आता तो ओळखणार होता, देठ सोलणार होता, डाळही रात्री भिजत घालणार होता. पण भाजी चांगली झाली, असे त्याने सारजाला बावीस वर्षांत एकदाही म्हटले नव्हते. ते राहून गेले.