पाठीवरचे वण

फार जुनी गोष्ट आहे. लहानांनी कान देऊन ऐकावी. मोठ्यांनी लक्ष नाही असं दाखवून ऐकली तरी चालेल.

रानाच्या कडेला एक गाव होतं. त्या गावाची एक रीत होती. ज्याच्या छातीवर जखमेचा वण, त्याला चावडीवर आपल्या पराक्रमाची गोष्ट सांगायचा मान मिळे. ज्याच्या पाठीवर वण, त्याला कुणी काही विचारतच नसे. पाठ दाखवली म्हणजे पळाला, संपलं. गावाला विचार करायचा जरा कंटाळाच होता.

गावातल्या एका मेंढपाळाच्या पाठीवर असे वण होते. लोक त्याला ‘पाठदाव्या’ म्हणत. लेकरांचा त्याला भारी लळा, पण त्याने हात पुढे केले की आया आपलं मूल मागे ओढून घेत. त्याला फार वाईट वाटे. मग तो एखादं कोकरू उचलून घेई आणि निघून जाई.

एका वर्षी विहिरी आटल्या. लहान मुलांना रानापलीकडे, नदीकाठच्या गावी पोचवायचं ठरलं. रानात तर बिबट्या फिरत होता. पाटलांनी चावडीवर विचारलं, “पोरांना घेऊन कोण जाईल?”

एक तरणा शिकारी उठला. छातीवरचे वण दाखवत त्याने आपली गोष्ट सांगितली. पैज लावून तो एकटा बिबट्याच्या गुहेपर्यंत गेला होता आणि समोरासमोर झुंजला होता. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. लोकांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात मेंढपाळ म्हणाला, “मी बी येतो. पोरांच्या मागं चालीन.”

“बिबट्या दिसला की हा सगळ्यांच्या पुढं असेल,” कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

शिकारी हसला नाही. मेंढपाळाच्या खांद्यावरची घोंगडी घसरली होती, तिथले वण तो निरखत होता. “काका, पळणाऱ्याच्या पाठीवर एखादा ओरखडा असतो,” तो म्हणाला. “तुमची तर सगळी पाठ फाटलीय. तुम्ही जागचे हललाच नाहीत. काय झालं होतं?”

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मेंढपाळाने घोंगडी सावरली आणि तो सांगू लागला.

“वाटसरूंचं तान्हं पोर झाडाखाली निजलं होतं. आई पाण्याला गेलेली. मी पोर उचललं आन् बिबट्यानं झडप घातली. लढाया हात मोकळे नव्हते. मग पोराला पोटाशी धरलं, पाठ केली बिबट्याकडं, आन् माझी कुत्री धावून येईस्तवर तसाच बसलो. लई भ्यालो होतो.”

“आणि पोर?” एका आईने हळूच विचारलं.

“त्याला काय? माझ्या मिशा ओढत बसलं.”

शिकारी म्हणाला, “मी पैजेसाठी गेलो होतो. मनात आलं असतं तर माघारी फिरलो असतो. काकांना फिरता येत नव्हतं. पोरं यांच्या हाती द्या. मागं मी चालतो.”

ती आई उठली. तिने आपलं तान्हं मूल मेंढपाळाच्या हातात ठेवलं. मुलाने लगेच त्याच्या मिशा धरल्या.

सगळी मुलं सुखरूप नदीकाठी पोचली. तेव्हापासून त्या गावात कुणी ‘पाठ दाखवली’ म्हटलं, की दुसरा आधी विचारी, “पोटाशी कोण होतं?”

वार कुठे बसला ते पाहून शूर ठरवू नये; तो कुणासाठी झेलला ते आधी विचारावं.