सतरंजीबाहेर वीस पावलं

एका किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेल्या गावात शलाका नावाची मुलगी राहत होती. वय चौदा, अभ्यासात हुशार, पण भारी भित्री. कुत्रं भुंकलं की ती रस्ता बदलायची. वर्गात उत्तर येत असलं, तरी तिचा हात कधी वर व्हायचा नाही.

दर रविवारी सकाळी रेणुका आणि मुबीन या वर्गमित्रांबरोबर ती किल्ल्यावर जायची. तिथल्या पडक्या सदरेवर जाडजूड सतरंजी अंथरून तिघं एक खेळ खेळत. मुबीन गोष्ट सांगे आणि दोघी त्या गोष्टीतल्या सुपरहिरो होत. या खेळात फासे नव्हते. प्रत्येकीला दहा चिंचोके मिळत. संकट आलं की काही हल्ल्यावर लावायचे, काही स्वतःच्या बचावावर, काही दुसरीच्या मदतीला. जितके लावाल तितकी ताकद. एकदा लावलेले परत मिळत नसत.

शलाकाला याचीच धास्ती वाटे. फासा उलटा पडला, तर नशिबाला बोल लावता येतो. इथे चुकलं तर चूक आपलीच. म्हणून ती चिंचोके मुठीत आवळून बसे, आणि लावलेच तर स्वतःच्या बचावावर लावी.

त्या रविवारी मुबीनच्या गोष्टीत धरण फुटलं. रेणुकाची सौदामिनी लोकांना वाचवता वाचवता पाण्याखाली अडकली. तिचे चिंचोके संपले होते.

"तीन लागतील," मुबीन म्हणाला. "शलाका, तुझ्याकडे सहा आहेत."

शलाकाने मूठ आणखी आवळली. पुढे याहून मोठं संकट आलं तर? "थांब ना, विचार करू दे मला."

मुबीनने वीसपर्यंत आकडे मोजले. मूठ उघडली नाही. "सौदामिनी बुडाली," तो हळूच म्हणाला.

दोन वर्षं रेणुका सौदामिनी होऊन खेळत होती. "सहा होते तुझ्याकडे," एवढंच बोलून ती उठली आणि तटाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

इतक्यात खाली कुणा सहलीच्या लोकांनी चूल पेटवली. धूर कड्याला लागून वर चढला. त्या कड्याला आग्यामोहोळ होतं. आधी नुसती घूंऽऽ ऐकू आली. मग अंगावरचं ऊन काळवंडलं.

"माश्या!" मुबीन ओरडला आणि त्याने सतरंजी ओढून दोघांच्या अंगावर घेतली. तेवढ्यातही त्याच्या दोन्ही पापण्यांवर डंख बसले. डोळे उघडेनात.

गारा पडाव्यात तशा माश्या सतरंजीवर आपटत होत्या. बाहेर रेणुका किंचाळली. पुन्हा किंचाळली. शलाकाने सतरंजीची कड उचलून पाहिलं. वीस पावलांवर रेणुका गुडघ्यांवर कोसळली होती, आणि तिचे केस वळवळत होते.

शलाकाने कड खाली सोडली.

तिचे दात वाजत होते. जरा थांबू. माश्या जातील. कुणीतरी येईल. आता बाहेर पडलो तर आपणही मरू. थांबू जरा. मग तिच्या लक्षात आलं, की रेणुकाचा आवाज येत नाहीये.

"मुबीन, ऊठ. तिच्याकडे जायचंय."

"मला दिसत नाही गं!"

"मला दिसतंय. माझा हात सोडू नकोस."

डोक्यावर सतरंजी धरून दोघं निघाले. वीस पावलं झाली. सतरंजी तिघांना पुरेना. शलाकाने ती रेणुका आणि मुबीनवर ओढली, स्वतःची पाठ बाहेर राहू दिली आणि रेणुकाला फरफटत जवळच्या दगडी कोठारात नेलं. खांदा लावून दार बंद केलं. दारावर कितीतरी वेळ ती घूंऽऽ चालू होती.

मुबीनच्या फोनवरून तिने गावात कळवलं. माणसं घोंगड्या पांघरून वर आली आणि तिघांना दवाखान्यात घेऊन गेली. रेणुकाच्या अंगातून शेहेचाळीस काटे निघाले. शलाकाच्या पाठीतून तेवीस. "आणखी पाच मिनिटं गेली असती, तर…" डॉक्टरीणबाईंनी पुढचं बोलायचं टाळलं.

तिसऱ्या दिवशी रेणुकाला बोलता येऊ लागलं. "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली," शलाका म्हणाली. तिला खोटं बोलवेना. "तू पडलेली दिसलीस, तरी मी कड खाली सोडली होती, रेणुका. मग पुन्हा उचलली. अजून भीती वाटतेय. पंखा फिरला तरी वाटते."

रेणुका कण्हत कण्हत खाटेवर बाजूला सरकली आणि तिने शलाकाला बसायला जागा करून दिली.

तात्पर्य: भीती संपायची वाट बघत बसलं, तर मदतीची वेळ आधी संपते. जवळ असलेलं बळ थरथरत्या हातांनीच वापरावं लागतं.